दारावरचा गेरू

आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या गावांत फिरायचं, वाळत चाललेली लेकरं शोधायची आणि आईसकट त्यांना तालुक्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणून पंधरा दिवस खाऊपिऊ घालायचं. आईसकट. हा शब्द आज मी मुद्दाम दोनदा लिहिते, कारण त्या दिवशी तो माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, शाळेची नोकरी सोडून चंद्रपूरहून समाजसेवेला निघालेली नवी नवरी. पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला ते विचारू नका. शाळेत पोरांना रांगेत उभं करायची सवय होती, जंगलही रांगेत उभं राहील असं वाटलं असेल.

त्या गावात मी लेकरांच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळत होते. हिरवं आलं तर ठीक, लाल आलं तर जीव धोक्यात. दीड वर्षाच्या एका पोरीचं माप थेट लालवर गेलं. पातळ जुलाब लागलेले, डोळे आत गेलेले. बाकीची लेकरं मला बघून बोंबलत होती, ही रडतही नव्हती. तिची आई विशीतली, माझ्याकडे टक लावून बसलेली. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. मी ठसक्यात सांगितलं, "उद्या सकाळी गाडी येईल. हिला न्यायचं आहे." आणि ड्रायव्हरला घर सापडावं म्हणून दारावर गेरूने मोठा गोल काढून आत आकडा टाकला. अशी युक्ती संस्थेत आजवर कोणालाच सुचली नव्हती, या आनंदात मला झोपही छान लागली.

सकाळी गाडी घेऊन पोचले तर दार उघडं आणि चूल थंड. ओट्यावर पोरीची आजी बसली होती.

"सूनबाई कुठे आहे?"

"गेली."

"कुठे?"

"जंगलात. मोह येचाले. पोरगी बी घेऊन गेली." म्हातारीने दाराकडे बोट केलं. "हा मार्का तुमीच मारला न, बाई?"

"हो. गाडीवाल्यासाठी."

"जंगलवाले बी झाडाले असाच मारते. साल तासते, गेरू लावते, नंबर टाकते. मंग गाडी येते न झाड घेऊन जाते. कधी वापस आणून देल्लं काय कोणी?"

आजूबाजूच्या एकाही दारावर खूण नव्हती. त्या आईने रात्रभर तो गोल पाहिला असेल. "पण गाडी दोघींसाठी होती," मी म्हणाले.

"तिच्यासंग तिले बी नेणार व्हते, हे काऊन नाई सांगतलं?"

एक दिवस गेला होता. तसे जुलाब आणखी एक दिवस राहिले तर काय होतं, ते मला आधीच्या गावात कळलं होतं. वर दोन दिवसांपूर्वी त्याच जंगलात नाल्यावर एक बैल फाडलेला सापडला होता. वाघाचं नाव कोणी घेत नव्हतं. नुसतं 'तो' म्हणत.

म्हातारी उठली. "आमचे दोन मोह हायेत. दुसऱ्याच्या झाडाखाली ते जानार नाई. चला. बोलत राहा, बाई. त्याले आवाज आला पाहिजे."

आयुष्यभर मला गप्प बसवता बसवता लोक दमले, आणि त्या पायवाटेवर माझी जीभ टाळूला चिकटली. शेवटी मी मोठ्याने साबुदाण्याची खिचडी कशी करायची ते सांगू लागले. शेंगदाण्याच्या कुटापाशी आले आणि उजवीकडच्या बांबूत काहीतरी मोडलं. मी शिट्टी फुंकली. जिवाच्या आकांताने फुंकली.

म्हातारीने ती माझ्या तोंडातून ओढून काढली. "जंगलचा गार्ड वाजवते अशी! आता ते अजून आत पळंल!"

मोहाखाली पोचलो. पाचोळा जाळून काळी केलेल्या जागेवर पिवळी फुलं सांडली होती. टोपली अर्धी भरलेली, शेजारी लुगड्याचा तुकडा. माणूस नाही. मी हाका मारायला तोंड उघडलं, म्हातारीने हात दाबला.

"बोंबलू नका. येचा."

"काय?"

"फुलं येचा. टोपली सोडून ते दूर नाई जात."

वाकलेल्या बाईला तो जनावर समजतो, हे मी तिथल्याच बायकांकडून ऐकलं होतं. मोह वेचायचा तर वाकावंच लागतं. मी वाकले. मान उघडी, पाठ उघडी, समोर फक्त राख आणि फुलं. एक फूल, मग दुसरं. प्रत्येक फुलागणिक वाटे, आता येईल. पाठीवरचा घाम गार झाला होता. टोपी केव्हाच पडली होती आणि ती उचलायलाही मी मान वळवली नाही.

मग राखेत दोन पावलं दिसली. माणसाची.

"माहा मोह काऊन येचून राह्यली?"

पोरगी पाठीला बांधलेली होती, मान एका बाजूला लोंबलेली. मी फुलं तशीच मुठीत धरून बोलले. "तू पण चल. तुम्ही दोघी. मी काल सांगितलंच नाही. माझी चूक झाली."

ती सासूकडे बघत राहिली. म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली, मग टोपलीकडे हात केला. म्हणजे मोह ती बघणार होती. सून माझ्याकडे वळली. "आधी मार्का पुस."

गावात आल्यावर मी पदराने दार घासलं. गेरू पसरला, जाईना. म्हातारीने शेण आणून अख्ख्या दारावर हात फिरवला, तेव्हा कुठे सून गाडीत चढली. तासभराच्या त्या रस्त्यात मी पोरीच्या ओठांवर चमच्याने मीठ-साखरेचं पाणी सोडत होते. अर्धं बाहेर यायचं.

"मरंल काय?" आईने विचारलं.

सगळ्या गोष्टींचं उत्तर ठाऊक असलेली ती बुटवाली बाई म्हणाली, "माहीत नाही."

चौथ्या दिवशी पोरगी रडली. दोन्ही खोल्या दणाणल्या, आणि ते रडणं थांबवायला कोणीही उठलं नाही.

पाच-सहा वर्षांनी मायलेकी चंद्रपूरला माझ्या घरी आल्या, सुकवलेल्या मोहाची पुरचुंडी घेऊन. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर पोरीने अंगणातल्या कुंडीचा गेरू बोटावर घेऊन माझ्या दारावर वेडावाकडा गोल काढला होता.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "आता तुले न्याले गाडी येईल, बाई."

मीही हसले. मग चहा तसाच ठेवून आत गेले, ओलं फडकं आणलं आणि तो गोल पुसून टाकला. अगदी लगेच.