दिसली तेवढी भिंत

पैठणजवळच्या आमच्या उत्खननावर नकाशे काढणारे चाचा उस्मानपुऱ्यातून यायचे. खड्ड्यात उतरताना चपला वर काढायचे, रेघ ओढताना श्वास रोखायचे. डोळ्यांना दिसलेली भिंत सलग रेघेनं, अंदाजाची तुटक.

शेवटच्या दिवशी, तपासणीला आमचे साहेब यायच्या आधी, मी म्हणालो, "या दोन भिंती जोडून टाका. मातीखाली एकच असणार."

"तुटक जोडतो, सर."

"सलग हवी! उद्या खड्डा बुजणार, कोण बघतंय?"

मजुरांची कुदळ थांबली. चाचांनी ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढलं आणि ती माझ्यापुढं धरली.

"मला दिसली नाय. तुम्हाला दिसली असंल तर तुम्हीच ओढा. सही पण तुमचीच करा."

वर साहेबांची जीप थांबली. मी पेन्सिल घेतली, श्वास रोखला आणि रेघ तुटकच ओढली.