बोकाशी साहेबांचे हार्दिक स्वागत

माझी बायको परदेशात एका जपानी माणसाला रोज स्वतःच्या हातानं भरवते, ही बातमी मला आईनं पिठलं वाढता वाढता दिली.

"बोकाशी नाव हाय त्याचं," ती म्हणाली. "भाकरी देऊ का अजून?"

मी भाकरी नको म्हणालो. (असं माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा घडलं. पहिल्यांदा अक्कलदाढ काढली होती तेव्हा.)

आता थोडं मागचं सांगतो. घोडेगावात माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बायको, वैशाली, बारा वर्षं तळेघरच्या बाजूला भात-नाचणीवाल्या शेतकऱ्यांबरोबर जुन्या बियाण्यांचं काम करत होती. चाळिशी आली तशी इतर बायका गुडघ्यांची तक्रार करतात, हिनं परदेशी अर्ज केला. आणि निवड झाली! शाश्वत विकासाचा आंतरराष्ट्रीय संयुक्त मास्टर्स. पहिलं वर्ष स्वीडनमध्ये, दुसरं पोर्तुगालमध्ये, दोन विद्यापीठांची मिळून पदवी एकच.

"दोगांत मिळून एक?" आईनं विचारलं. "म्हंजे सामाईक? नगं गं बाई! आपली वरची पट्टी सामाईकात पडलीया, अजून वाटप न्हाई."

गावानं वैशालीचा सत्कार केला. तिला शाल दिली आणि मला 'मॅडमचे मिस्टर' म्हणून नारळ. तो नारळ मी घरी आणून असा आपटला की पाणीसुद्धा हाती लागलं नाही. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. मी बारावीला दोनदा बसलो, एकदा मंचरला, एकदा जुन्नरला. तीही एका अर्थी संयुक्तच होती, पण पदवी कुणी दिली नाही.

एवढ्यावर भागलं असतं, तर हा बोकाशी आला.

"तुला कुणी सांगितलं?" मी आईला विचारलं.

"तिनंच की! मगाशी फोन आल्ता. आधी मला वाटलं, बोका पाळलाय. म्हनलं, दूध घाल त्याला. तर म्हनती, बोका न्हाई आई, बोकाशी, जपानी हाय. रोज उरलेला भात घालती म्हनं त्याला."

"आणखी काय म्हणाली?"

"आंबूस वास येतो म्हनली. आंगूळ करत नसंल मेला. थंडी लई हाय तिकडं."

आईला एका कानानं कमी ऐकू येतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. मोबाईलवर शोधलं असतं तरी अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, तिला विचारता आलं असतं. पण जळणारा माणूस चौकशी करत नाही, तो फक्त कल्पना करतो. माझ्या कल्पनेतला बोकाशी उंच होता, त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि तो वैशालीच्या विनोदांना वेळेवर हसत होता.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. आवाज शक्य तितका मोकळा ठेवला.

"बोकाशी कसा आहे?"

"अय्या! आईंनी सांगितलं वाटतं!" ती इतकी खूश झाली की मला स्टूल ओढून बसावं लागलं. "मस्त आहे हो! सुरुवातीला जड गेलं, आता त्याच्याशिवाय करमत नाही."

"राहतो कुठं?"

"आमच्या किचनमध्येच. सिंकखाली."

(सिंकखाली! क्षणभर मला त्याची दयाच आली. तिकडे खोल्या मिळत नाहीत हे ऐकलं होतं, पण इतकी वाईट परिस्थिती असेल असं वाटलं नव्हतं.)

"आणि खातो काय?"

"आम्हा सगळ्यांचं उरलंसुरलं. कसली तक्रार नाही. फक्त रोज वरून चांगला दाबावा लागतो."

"कोण... कोण दाबतं?"

"मीच! बाकीच्यांना किळस येते."

मी रुमाल काढला.

"अहो, जानेवारीत नाचणीच्या प्रकल्पासाठी महिनाभर घरी येतेय ना, तेव्हा त्याला घेऊनच येते. मी परत गेले तरी तो राहील आपल्याकडे. चालेल ना तुम्हाला?"

"घर तुझंच आहे," मी म्हणालो. फोन ठेवला आणि समोरच्या मोटारीच्या वायरी अशा जोडल्या की त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर ती दोन दिवस उलटी फिरत होती.

हा कोण, एवढं विचारायचं होतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि मला उत्तर नको होतं. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला वाटलं की ही घरी येईल, पण माझ्याकडे येईल का? एवढे देश बघून आलेल्या बाईनं मोटारीच्या ग्रीसचा वास का सहन करावा? तिकडे आंबूस वासाचा एक तयारच आहे.

शेजारच्या गाळ्यात संभाजी फ्लेक्स छापतो. माझं तोंड बघून तो आत आला आणि सगळं काढून घेऊन मगच गप्प बसला.

"भाऊ, ती शिकायला काय गेलीय?"

"शाश्वतता."

"म्हंजे?"

"एखादी गोष्ट टिकवायची कशी, त्याचं शास्त्र."

"अन् हितं नवरा टिकना!" तो हळहळला. "रडून उपेग नाय राव. पावण्याला पहिल्याच दिवशी कळाया पायजे, गाव कुणाचं हाय."

"ते कसं?"

"फ्लेक्स!"

संभाजीकडे कुठल्याही संकटावर एकच उपाय असतो आणि तो दहा बाय पंधरा मापाचा असतो.

असा फ्लेक्स छापला गेला. वर माझा आणि वैशालीचा फोटो, माझा तिच्यापेक्षा दीडपट मोठा, गॉगल लावलेला. त्याखाली 'आदर्श दांपत्य, सोळा वर्षांचा अतूट संसार!' (अतूट हा शब्द मी लाल रंगात मागितला.) सगळ्यात खाली, 'घोडेगाव नगरीत मा. श्री. बोकाशी साहेब (जपान) यांचे हार्दिक स्वागत'. बोकाशीचा फोटो नव्हता, म्हणून संभाजीनं त्या जागी बर्फाचा डोंगर टाकला. मी केस काळे केले. काळा रंग कानांवरही उतरला, तो महिनाभर गेला नाही.

न्यायला गाडी आणतो म्हटलं, तर वैशाली म्हणाली, "एका माणसासाठी अख्खी गाडी कशाला? एसटीनं येते." एका माणसासाठी! दुसऱ्याला ती माणसांत धरत नव्हती की आपल्यातच धरत होती, यावर मी रात्रभर तळमळलो.

ठरल्या दिवशी आम्ही स्टँडवर हजर झालो. डोक्यावर फ्लेक्स, खाली मी नव्या कडक शर्टात, शेजारी संभाजी आणि ओवाळणीचं ताट घेतलेली आई. ताटात पाहुण्यासाठी टॉवेल-टोपीसुद्धा होती. "कसाबी असंना, दारात आलेला पावना हाय," असं तिचं म्हणणं. स्टँडवरची बरीच मंडळी जपानी माणूस बघायला म्हणून आपापल्या गाड्या सोडून थांबली होती.

मंचरहून एसटी आली. वैशाली उतरली. पाठीवर सॅक आणि हातात झाकणाची एक पांढरी बादली. मी तिच्या मागं बघत राहिलो. मागून दोन कोंबड्या घेतलेला एक म्हातारा उतरला आणि दार लागलं.

वैशालीनं वर पाहिलं.

"फ्लेक्स?" ती म्हणाली. "प्लॅस्टिकचा फ्लेक्स? अहो, माझा विषय काय, तुम्ही लावलंय काय!" मग तिची नजर खालच्या ओळीवर आली. "बोकाशी... साहेब?"

"पावणं कुठंशी ऱ्हायलं गं?" आईनं विचारलं. "मंचरलाच उतरलं का काय चुकून?"

वैशालीनं एकदा आईकडे, एकदा माझ्या काळ्या कानांकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवून झाकण काढलं. आत कोंड्याची एक पिशवी होती.

"आई, हाच बोकाशी. खरकटं ह्यात घालायचं, वर हा कोंडा पसरायचा आणि दाबून झाकण लावायचं. लोणच्यासारखं मुरतं. मग मातीत घातलं की खत होतं. जपानी पद्धत आहे."

जपानी माणूस बघायला थांबलेल्या मंडळींनी माना लांब करून बादलीत डोकावलं. तेवढ्यात एसटीच्या खिडकीतून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"आवो ताई, साहेबांचं तिकीट फाडायचं ऱ्हायलं की!"

मग जो हशा उठला, तो पार तहसील कचेरीपर्यंत गेला असणार. संभाजी सगळ्यात जास्त हसला. (फ्लेक्सवर त्याच्या दुकानाचं नाव ठळक होतं, तरीही!) आई तेवढी गंभीर राहिली. "पावना त्यो पावना," म्हणत तिनं बादलीला कुंकू लावलं, ओवाळलं आणि टोपी झाकणावर ठेवली. ती नेमकी बसली.

घरी जाताना वैशाली पदर तोंडाला लावून चालत होती आणि खांदे हलत होते.

"मला एकदा विचारायचं होतंत," शेवटी ती म्हणाली.

"विचारलं की. कुठं राहतो, काय खातो..."

"कोण आहे, ते नाही विचारलंत."

"भीती वाटली," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. "सोळा वर्षं मोटारी जोडताय, पण कुठली वायर कुठं जाते ते अजून कळत नाही तुम्हाला," असं म्हणून तिनं बादली माझ्या एका हातात दिली आणि भर बाजारपेठेतून माझा दुसरा हात धरून चालायला लागली. त्या क्षणी पोर्तुगाल, स्वीडन आणि जपान मिळून माझ्यासमोर उभे राहिले असते तरी मी कुणाला मोजलं नसतं.

महिन्यानं ती परत गेली, आणि पुढं दुसऱ्या वर्षासाठी पोर्तुगालला. फ्लेक्स आता आमच्या कांद्याच्या चाळीवर उलटा पसरलाय. पुनर्वापर म्हणून वैशालीनं त्याचा फोटो वर्गात दाखवला. बोकाशी साहेब ओट्याखाली राहतात. त्यांना मी रोज स्वतःच्या हातानं भरवतो, वरून दाबतो, वास सहन करतो.

काल वैशालीचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आधीच तिनं विचारलं, "बोकाशी जेवला का?"

"जेवला," मी म्हणालो. "आणि मीपण जेवलो. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो."