पहिली बादली

हे बँकेतून निवृत्त झाले की जयपूरचं घर विकून साताऱ्याला परतायचं, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. पण आमच्या दुर्गापुरा भागात घर बघायला येणारा माणूस आधी बोअरचं पाणी विचारतो. म्हणून हे दर रविवारी सकाळी मोटार चालू करत, पाइपाखाली बादली ठेवत आणि मोबाइलवर वेळ मोजत. बादली बघता बघता भरायची. लगेच मोटार बंद. "बघ, धार कशी जोरात आहे!"

मला त्या कौतुकाचा वीट आला होता. रात्रभर बोअरमध्ये साठलेलं पाणी जोरात येणार नाही तर काय! एका रविवारी मी मोटारीच्या स्विचपुढे खुर्ची टाकून बसले आणि तासभर यांना तो बंद करू दिला नाही. मग बादली ठेवली. धार करंगळीएवढी झाली होती, मध्येच नुसती हवा फुसफुसायची. आमचा चहा पिऊन झाला तरी बादली अर्धीच.

हे पाइपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक आलं की पहिलीच बादली दाखवू."

"घर घेताना आपल्यालाही पहिलीच दाखवली होती," मी म्हणाले.