अण्णांची गाडी फिरली नाही

भुताखेताच्या गोष्टी मी आजवर शे-दीडशे तरी सांगितल्या असतील. नांदेडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर बसणारी बाई मीच तयार केली होती, आणि दोन वर्षांनी ज्युनिअर पोरांनी ती मलाच शपथेवर सांगितली. त्यांनी तर तिला पैंजणही घातले होते. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता… ज्याच्या घरी माल बनतो तो स्वतः कुठं विकत घेतो?

खाली लिहितोय ते मात्र मी बनवलेलं नाही. घरातलं एक आणि बाहेरचं एक, अशा दोन माणसांशिवाय ते कुणालाही पटलेलं नाही, तुम्हालाही पटावं असा आग्रह नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, लाऊडस्पीकरचा धंदा. एक जुनी रिक्षा, टपावर दोन भोंगे, आत बॅटरी, अँप्लिफायर आणि माईक धरलेले अण्णा. साडीचा सेल, नळाला पाणी येणार नसल्याची सूचना, हरवलेली शेळी, सगळं गावाला अण्णांच्या तोंडून कळायचं. आणि मयतसुद्धा. आमच्याकडं कुणी गेलं की तासाभरात गाडी फिरते. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की…' मग नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. अण्णा ते असं सांगायचे की मेलेल्या माणसाशी जन्मभर भांडलेले लोकसुद्धा मुकाट चपला घालून निघायचे.

मी मास्टर्ससाठी मेलबर्नला निघालो तेव्हा अण्णांनी दोन दिवस गाडी फिरवली. 'आपल्या मुरुडचे सुपुत्र…' मी घरात उशीत तोंड खुपसून पडलेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या भावानं, दादानं, रिक्षातली बॅटरी काढून लपवली तेव्हा कुठं थांबले. दादा शाळेत मास्तर आहे. कुठलीही अडचण आली की बॅटरी काढायची, हा त्याचा एकमेव उपाय.

मेलबर्नचं काय सांगावं… ते शहर गप्प बसतच नाही. एका कोपऱ्यावर व्हायोलिन, दुसऱ्यावर रंगाच्या बादल्या बडवणारा, तिसऱ्यावर आगीचे खेळ, आणि मधून ट्राम टिणटिण करत चाललेली. वारा असा की मुरुडला सोडला तर निम्मं गाव धाराशिव जिल्ह्यात जाऊन पडेल. सीगल माणसाच्या हातातल्या चिप्स अशा पळवतात की नंतर बोटं मोजून घ्यावी लागतात.

हे तुम्हाला सांगतोय त्याच्या दहापट मी अण्णांना फोनवर सांगायचो. अडतिसाव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून समुद्र दिसतो, बाथरूम आपल्या बैठकीएवढं आहे, प्रोफेसर मला विचारून मग वर्गात शिकवतात. खरं असं होतं की शहरापासून तासाभरावर एका घराच्या गॅरेजात आम्ही तिघं राहायचो. त्याला खिडकीच नव्हती. संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायची. आणि पहिल्या सेमिस्टरला माझे चारातले तीन विषय गेले होते. पुन्हा गेले असते तर कॉलेजनं काढलं असतं, मग व्हिसा गेला असता आणि मुरुडचे सुपुत्र मुरुडात. हे मी जगात कुणालाच सांगितलं नव्हतं.

अण्णांना माझा फोन रोज, तिकडं दुपारी तीनला. आपल्याकडं तेव्हा सकाळचे साडेदहा, अण्णा गाडी काढायच्या बेतात. त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन. मागं कायम भोंग्याची शिट्टी, 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री', आणि चहा गार झाला म्हणून मायचा आरडाओरडा.

जूनमध्ये परीक्षा लागली. दहा दिवसांत तीन पेपर. पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी दादाचा मेसेज आला. 'अण्णाचा फोन बिघडलाय. दुरुस्तीला टाकलाय. तू अभ्यास कर, परीक्षा झाल्यावर निवांत बोलू.'

मेसेज वाचला, आणि तरी सवयीनं तीनला नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"अण्णा, दादा म्हणतो फोन बिघडलाय."

"त्याला काय कळतंय फोनमधलं. बोल तू."

"चहा झाला का?"

"न्हाई आज. तुझं काय चालू हाय?"

"अभ्यास करून राहिलो."

मागं भोंगा नाही, माय नाही. इतकी शांतता की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"गाडी न्हाई काढली आज?"

"न्हाई. एकाची सांगायची व्हती, राहूनच गेली."

"कुणाची?"

"आसू दे. तू पेपरचं बघ."

चार मिनिटं बोललो असू. म्हातारा थकलाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

पहिला पेपर वाईट गेला. बाहेर आलो तर लख्ख ऊन. मोठ्या लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर ही गर्दी, पोरं-पोरी आडवी पडलेली, दोन म्हातारे गुडघाभर उंचीच्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळत होते. त्या सगळ्या जत्रेत मी एकटा पायरीवर बसलो आणि फोन लावला. अण्णांनी 'बोल' म्हटलं आणि माझा बांधच फुटला.

"अण्णा, अडतिसावा मजला न्हाई."

"हां."

"समुद्र बी न्हाई."

"हां."

"मी नापास झालो अण्णा. तीन विषयांत. मागल्या टायमाला."

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कामून सांगतंय. चाळीस वर्षं माईकवर काढलीत मी. माणूस खरं बोलताना मदी श्वास घेतो. तू थापा मारताना श्वासच घेत न्हाईस, एका दमात सुटतोस. तो समुद्र तर दीड मिनिट चालला व्हता, मला वाटलं पोरगं गुदमरतंय आता."

मी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यानं वजीर हातात धरून माझ्याकडं पाहिलं.

"गावाला काय सांगणार तुमी? दोन दिवस गाडी फिरवलीत माझ्या नावानं."

"गाव तीन दिवसांत सेल इसरतंय, तुझं काय घेऊन बसलाय. राहिलेले पेपर दे. न्हाई झालं तर घरी ये. दार कुणी काढून नेलं न्हाई."

सव्वीस मिनिटं. आयुष्यात आम्ही दोघं एका वेळी एवढं कधी बोललो नव्हतो.

त्यानंतर दिवसभर लायब्ररी, संध्याकाळी भांडी, पुन्हा वह्या. मध्ये आठवडाभर फोन केला नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी केला. या वेळी आवाज असा, जणू माईक तोंडापासून लांब धरलाय.

"अण्णा, आवाज लांबून येऊन राहिला तुमचा."

"हाव. तुझा बी."

"उद्या शेवटचा पेपर. संपला की फोन करतो."

मग म्हणाले, "दादाला कर."

पेपर चांगला गेला. अण्णांनी सांगितलं होतं म्हणून दादाला फोन केला. त्यानं तो कापला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आमची बैठक दिसली. जाजम अंथरलेलं, भिंतीला टेकून माय. तिचं कपाळ मोकळं होतं.

"शिवा," दादा म्हणाला, "अण्णा गेले रे."

"कधी?"

"मेसेज केला ना तुला… त्या दिवशी पहाटं. चहा ठेवायला सांगून बसले व्हते, बसल्या बसल्याच."

म्हणजे बारा दिवस झाले होते.

मला कळवलं तर मी पेपर टाकून निघून येईन, म्हणून घरच्यांनी ठरवलं की परीक्षा होईस्तोवर सांगायचं नाही. गाडी फिरली असती तर गावातल्या पोरांनी मोबाईलवर स्टेटस टाकले असते, ते मला दिसले असते. म्हणून दादानं गाडीच फिरवू दिली नाही. घरोघर जाऊन हात जोडले, 'स्टेटस टाकू नका, शिवाचे पेपर हायत.' आमचं गाव म्हणजे एका नळावर सतरा भांडणं, एका पारावर दोन पक्ष. पण त्या गावानं बारा दिवस तोंड उघडलं नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं प्रत्येकाचं नाव शेवटचं घेतलं, त्याचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सगळे माझ्यासाठी गप्प बसले.

"दादा, पण मी बोललो त्यांच्याशी," मी म्हणालो. "कालच बोललो."

दादानं मान खाली घातली. त्याला वाटलं मला धक्का बसलाय.

हैदराबादला उतरून बसनं लातूर, तिथून मुरुड. घरी पोचल्यावर रडणं झालं, सगळं झालं, आणि मग मी अण्णांचा फोन मागितला. दादानं कपाट उघडलं. रुमालात फोन एकीकडं, बॅटरी एकीकडं.

"त्याच सकाळी काढली. कुणाचे ना कुणाचे फोन येऊन राहिले व्हते."

मी माझा मोबाईल पुढं केला. अण्णांचा नंबर, तीन कॉल. चार मिनिटं, सव्वीस मिनिटं, दोन मिनिटं. दादानं तारखा वाचल्या, वेळा वाचल्या.

"शिवा," तो हळू आवाजात म्हणाला, "यात कायबी बनवता येतंय, इंजिनिअर हायेस तू. आज तरी नको रे."

मला राग नाही आला. होस्टेलची टाकी, अडतिसावा मजला, लहानपणी पाहिल्याचं सांगितलेले तीन वाघ… या सगळ्यांची शिक्षा त्या एका वाक्यात मिळाली.

लातूरला मोबाईलच्या दुकानात नेऊन दाखवलं. पोरगा म्हणाला, कॉल उचलला गेलाय, नाहीतर मिनिटं पडली नसती. कुणी उचलला ते आम्हाला नाही सांगता येत. अण्णांचा अँप्लिफायर दुरुस्त करणारे रहीमचाचा म्हणाले, "नाम नहीं पुकारे ना बेटा उनका. कैसे जाते? रुके होंगे." रहीमचाचांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी मान हलवली. खरं तर मला तेही पटलं नाही. परीक्षेचा ताण, झोप नाही, मनाचे खेळ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलंय. पण मनाच्या खेळाला मिनिटं कशी पडतात? आणि खेळच असेल तर मी नापास झालेलं, ती खिडकी नसलेली खोली, हे अण्णांनी ऐकलंच नाही. मग ते माझा समुद्र खरा मानून गेले. हे मात्र मला सहन होत नाही.

नंतर निकाल लागला, तिन्ही विषय सुटले, काठावर. त्याचा आनंद झाला असं म्हणवत नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी माय ज्वारी निवडत बसली होती. इतके दिवस तिनं याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

"काय काय बोलले तुझ्याशी?" तिनं सुपातून वर न बघता विचारलं.

मी सगळं सांगितलं. गॅरेज, भांडी, नापास, सगळं. नापास ऐकून तिचा हातही थांबला नाही.

"माझं काई इचारलं का?"

आता खरं सांगतो. माझ्याकडं वाक्य तयार होतं. 'मायला जप म्हणाले.' एवढंच, एका दमाचं. तेवढ्यानं त्या बाईचं उरलेलं आयुष्य जरा सोपं झालं असतं, आणि असली वाक्यं सोडायला मला कधीच कष्ट पडलेले नाहीत. मी तोंड उघडलं, आणि मध्येच श्वास घेतला.

"न्हाई माय. तुझं नावच न्हाई काढलं."

तिनं दोन खडे बाजूला काढले.

"मंग तेच व्हते," माय म्हणाली. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी कशी हाय म्हणून एकदा बी इचारलं न्हाई त्यांनी. दुसरं कुणी आसतं तर इचारलं आसतं."

मग आम्ही दोघं बराच वेळ ज्वारी निवडत बसलो. तो फोन कुणी उचलला हे मला अजूनही सांगता येत नाही. मायला त्यानंतर ते विचारावंसंही वाटलं नाही.