चिमटे काढा

लिफ्टमामा कुठल्याही लिफ्टमध्ये शिरण्याआधी दाराला कान लावायचे. आत गेल्यावर बाकीचे लोक वर उजळणाऱ्या आकड्यांकडे बघायचे. मामा डोळे मिटायचे.

चहा गार करून प्यायचे. गरम चहा पिणारा माणूस घाईत असतो आणि घाईतला माणूस दोर नीट तपासत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चष्म्याची एक काडी बारीक तारेने बांधलेली होती. नवी काडी खिशात होती, पण ती कधी बसवली नाही.

सिनेमाचा शेवट जवळ आला की उठून पाणी प्यायला जायचे. तहान नसायची. शेवट जरा लांबवायचा असायचा.

नवं पुस्तक हातात आलं की आधी त्याचा शेवटचा भाग कपड्यांच्या चिमट्याने बंद करायचे. चुकूनही नजर जाऊ नये म्हणून. चिमटे मामींच्या दोरीवरचे असायचे. मामी म्हणायच्या, "माझे टॉवेल उडून शेजाऱ्यांच्या गच्चीत जातात, आणि ह्यांची अवकाशयानं मात्र घट्ट चिमट्यात."

हे सगळं भूतकाळात लिहावं की वर्तमानात, मला ठरवता येत नाही. मामा आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. उजवी बाजू गेली आहे आणि शब्द गेले आहेत. एक सोडून. त्या एका शब्दातून त्यांना काहीतरी सांगायचं आहे. ते काय, हे कळावं म्हणून मी दर रविवारी जाते.

आमची ओळख लिफ्टमध्येच झाली. मी साहित्यात पदवी घेतली आणि मिक्सरच्या माहितीपत्रकांची मुद्रितं तपासायच्या नोकरीला लागले. आमच्या कचेरीच्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल मामांकडे होती. माझ्या हातात एक कादंबरी होती. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं.

"शेवटी सगळे मरतात का?" त्यांनी विचारलं.

"अजून वाचली नाही."

"शाबास. वाचलीत तरी सांगू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चौकटीच्या कागदावर एका संकेतस्थळाचा पत्ता लिहून दिला. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा तो अड्डा होता. तिथे खऱ्या नावाने कोणी नसायचं. मामा तिथले कारभारी होते. कोण काय लिहितं, कुठे लिहितं, ह्यावर त्यांची नजर असायची. मी "साहित्यिक" झाले. हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

अड्ड्यावर जे चालायचं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे भांडणाला सभ्य कपडे घालणं. एक भौतिकवाला होता, शाळेत विज्ञान शिकवायचा. कुठलाही सिनेमा आला की हा लिहिणार, "पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही." मामा लिहिणार, "मास्तर, मग तिकीट काढून मूकपट बघायचा का?" एकदा जमिनीपासून अवकाशापर्यंत जाणाऱ्या लिफ्टवर आठवडाभर जुंपली. मामांचा प्रश्न एकच होता, "मध्ये अडकली तर काढायला जाणार कोण? जिना आहे का?" ते दोराच्या वजनावर अडून बसले. भौतिकवाल्याने आकडेमोड करून त्यांना चारी मुंड्या चीत केलं. मामा रुसले. मग एका सकाळी लिहिलं, "मास्तरांचं बरोबर आहे. पण तेल कोण घालणार, ते राहिलंच."

आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. खऱ्याखुऱ्या डॉक्टर. दुसऱ्या गावी दवाखाना. दोन रुग्णांच्या मध्ये अड्ड्यावर येऊन परग्रहावरच्या प्राण्यांना यकृत असेल का ह्यावर लिहून जायच्या.

अड्ड्याचे दोन नियम होते. दोन्ही मामांचे.

पहिला झाकणाचा. कथेतलं पुढचं काही फुटेल असं लिहायचं असेल तर ते झाकायचं. वर लिहायचं कशाबद्दल आहे, आणि शेवटी "झाकण". मग त्या मजकुरावर एक करडी पट्टी यायची. पट्टीवर बोट ठेवलं की खालचं दिसायचं. जो तिथपर्यंत पोहोचला नाही त्याने बोट ठेवायचं नाही. हे बघायला कोणी नव्हतं, तरी आम्ही पाळायचो. आमचा अभिमान होता तो. घरची दुखणीखुपणी अड्ड्यावर आणायची नाहीत, हाही नियमाचाच भाग होता. अगदीच आणायची असतील तर झाकून.

दुसरा चिमट्याचा. सगळे मिळून एक पुस्तक वाचायचं, भागाभागाने. शेवटच्या भागाला प्रत्येकाने आपापल्या घरी चिमटा लावायचा. पोहोचलं की तसं कळवायचं. सगळे पोहोचले की मामा अड्ड्यावर दोनच शब्द लिहायचे, "चिमटे काढा." त्याआधी कोणी काढायचा नाही. भौतिकवाला म्हणायचा, "ह्यांनी आयुष्यभर लोकांना चिमटेच काढले."

ह्या वेळचं पुस्तक जाडजूड होतं. एक यान निघालंय. पोहोचतील ती नातवंडं-पतवंडं. निघालेल्यांपैकी कोणी नाही. आम्ही अजून मधल्या भागात रेंगाळत होतो तेव्हा मामांनी अड्ड्यावर एक मजकूर टाकला. वर लिहिलं होतं, "शेवटच्या भागाबद्दल, खास डॉक्टरीणबाईंसाठी. झाकण."

झाकणाखाली काय होतं ते इथेच सांगते. हे लिहिताना मला काहीच झाकून ठेवायचं नाही.

"डॉक्टरीणबाई, पुस्तकाच्या नाही, माझ्याच शेवटच्या भागाबद्दल आहे, म्हणून झाकलं. काल लिफ्टच्या टपावर होतो. जोडीदाराकडे पाना मागायला तोंड उघडलं आणि पाना हा शब्दच सापडेना. समोर दिसतोय, नाव येत नाही. उजवा हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा लोंबत होता. थोड्या वेळाने सगळं जागेवर आलं. घरी बोललो नाही, ही घाबरून घर डोक्यावर घेईल. दाखवायला हवं का? की वयाचं म्हणून सोडून द्यावं?"

खाली आमची उत्तरं आहेत. आजही आहेत.

भौतिकवाला: "मामा, तुम्ही पोहोचलातसुद्धा? आम्ही मागे आहोत. हात लावणार नाही."

मी: "मीही नाही."

डॉक्टरीणबाई: "माझं नाव घेऊन मोह घालता का? डोळे मिटून खाली आले. मला बक्षीस द्या."

आणि त्याखाली मामा: "शाबास."

मी ते "शाबास" पुन्हा पुन्हा वाचलं आहे. तिथे ते लिहू शकले असते, अहो उघडा, चेष्टा नाही. फोन करू शकले असते. त्यांनी शाबासकी दिली. नियम त्यांचा होता आणि आम्ही तो पाळला होता. शिवाय तोवर हात बरा झालेला होता, पाना आठवला होता. डब्याची पिशवी घेऊन ते कामावर गेले असतील.

त्यानंतरच्याच आठवड्यात झटका आला. सकाळी, स्वयंपाकघरात. मामी डबा भरत होत्या. मामा म्हणाले, "झाकण." मामींनी डब्याचं झाकण पुढे केलं. त्यांनी ते ढकललं. पुन्हा म्हणाले, "झाकण." मामी चिडल्या, "अहो, हातात देतेय ना." मग मामींनी वर पाहिलं. मामांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते इस्पितळातून घरी आलेले होते. पलंगावर झाकणांची रांग होती. पातेल्याचं, बरणीचं, कुकरचं, शाईच्या बाटलीचं.

"ये बाई," मामी म्हणाल्या. "तूच बघ. घरातलं एकूण एक झाकण आणून झालं. शेजारणीची दोन आणली. ह्यांचं मन भरत नाही."

मामांनी मला पाहिलं. डावा हात उचलला. "झाकण," म्हणाले. अगदी "आलीस का?" म्हणावं तसं.

"पाणी हवं की झाकण. उशी सरकली की झाकण. माझ्यावर ओरडायचं तरी झाकणच," मामी म्हणाल्या. "काल माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, झाकण. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता हे नाव पडलं मला." त्या हसल्या. मग पदराने नाक पुसलं. "तुम्ही लोक त्यांच्याशी काय काय बोलायचात. तुला कळतंय का गं काही?"

मला कळलं होतं. पायाखालचा मजला एकदम खाली गेल्यासारखं झालं. मी मामींना अड्ड्यावरचं झाकण काय ते सांगितलं. फोन काढला. करडी पट्टी दाखवली.

"मग उघड ना," मामी म्हणाल्या. "बघतेस काय?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांची नजर फोनवर होती. मी बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. "पाना" हा शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, लिफ्टमध्ये मिटायचे तसे.

वाचून संपल्यावर मामींनी एकेक झाकण उचलून थाळीत रचायला घेतलं. बराच आवाज झाला.

"परग्रहवाल्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला नाही."

"मामी, तसं नाही..."

"कसं ते तू सांग. तू साहित्यिक."

मी शाईच्या बाटलीचं झाकण उचलून थाळीत ठेवलं.

मला वाटलं होतं, झाकण उघडलं की तो शब्द सुटेल. तेवढंच सांगायचं असेल आणि ते सांगून झालं. पण मामा थोड्या वेळाने माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "झाकण." काकुळतीने. ते हे नव्हतंच. किंवा हेही होतं आणि आणखी काही होतं.

डॉक्टरीणबाई पुढच्या रविवारी आल्या. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उंच, केस पिकलेल्या. त्यांनी मामांचा हात तपासला, पाय तपासला, जीभ बाहेर काढायला लावली. कागद वाचले. मग पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मामींनी चहा दिला आणि समोर बसल्या. "तेव्हा उघडलं असतं तर?"

"त्याच दिवशी दाखल करायला लावलं असतं. औषधं सुरू झाली असती."

"आणि मग हे टळलं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी पर्सची चेन उघडली. बंद केली. "बहुतेक," म्हणाल्या.

मामी उठल्या, डॉक्टरीणबाईंच्या कपातला गार झालेला चहा घेऊन गेल्या आणि गरम करून आणला. डॉक्टरीणबाई चहा न पिता रडल्या. मामांनी त्यांच्या गुडघ्यावर डाव्या हाताने थोपटलं. "झाकण, झाकण," म्हणाले. "असू दे, असू दे" म्हणतात त्या चालीत.

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा दारात मी त्यांना विचारलं, हाच शब्द का? त्या म्हणाल्या, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. त्याला अर्थ असेलच असं नाही. "कोणी नुसता शिवीवर अडकतो," त्या म्हणाल्या. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्याही हेच म्हणतात. त्या मामांपुढे चमचा, किल्ली, कंगवा धरतात. मामा प्रत्येकाकडे नीट बघतात. कधीकधी त्यांचे ओठ "च" साठी तयार होताना दिसतात. मग झाकण येतं. मग ते मान फिरवतात.

मी पुस्तक वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांची खूण मधल्या भागात होती, आमच्याही मागे. झाकणावरच्या त्या ओळीने आम्हाला वाटलं होतं ते पुढे गेले. ते गेले नव्हतेच. तिथून पुढे मी वाचत गेले. भौतिकवाला कधी येऊन बसायचा. पुस्तकात यानातल्या स्फोटाचा आवाज झाला तेव्हा तो हूं की चूं करेना. मामांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि वाट पाहिली. "येतो आवाज, मामा," तो म्हणाला. "यानाच्या आत हवा असते." मामांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. भांडण हवं होतं त्यांना.

मागच्या रविवारी चिमटा आला. लाकडी, उन्हाने पांढरा पडलेला. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि चिमट्यावर ठेवला.

"झाकण," म्हणाले.

"काढू का?"

"झाकण."

"की राहू दे?"

"झाकण." तोच सूर. डोळ्यांत पाणी. मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न केला. मी वाचायलाच शिकले होते. मला एक अक्षर लागलं नाही.

मामी दारात उभ्या होत्या. "काढ गं," म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, "नको, थांब. त्यांचं त्यांना ठरवू दे."

मी पुस्तक तसंच त्यांच्या मांडीवर ठेवलं.

अड्ड्यावर आता सगळे पोहोचले आहेत. भौतिकवाल्याने लिहिलंय, पोहोचलो. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, पोहोचले. मी लिहिलंय. ज्यांची नावं कधी दिसायची नाहीत अशांनीही लिहिलंय. त्याखाली मामांच्या दोन शब्दांची जागा रिकामी आहे. इतक्या घरांत एकेका जाड पुस्तकाला एकेक चिमटा लागलेला आहे आणि तो कोणी काढलेला नाही.