शिवाप्पांनी चाखलेला खवा

येडशी स्टेशनात उतरले तेव्हा पिशवीत चार केळी होती. रामलिंगाच्या पायऱ्यांवर एकही उरलं नाही. एका माकडानं पिशवीच ओढून नेली आणि केळी संपवून रिकामी पिशवी माझ्यासमोर आणून टाकली. एवढा सभ्यपणा पुण्यात आमच्या सोसायटीत नाही. मग भूममार्गे एसटीनं ईट गाठलं, कारण मला खवा खायचा होता. साठी उलटल्यावर माणसानं प्रवासाची याहून मोठी कारणं सांगू नयेत.

गावाच्या कडेला रफिकचाचांची खव्याची भट्टी आहे. मार्चचं ऊन, समोर जाळ आणि सत्तरीचे चाचा रोजा धरून कढईत सराटा (लांब दांड्याचं उलथणं) फिरवत होते. हात थांबला की दूध खाली लागतं, म्हणून ते बोलतानाही ढवळतच होते.

"रोज्यात चव कशी बघता?" मी विचारलं.

"शिवाप्पा बघतात. ते समोरचे किराणावाले, लिंगायत. रमजानात रोज चारला येतात अन् बोटभर चाखतात. लई वर्षं झाली."

"आता तर सहा वाजत आले की!"

सराटा क्षणभर अडखळला. "परवा टपरीपुढनं चाललो होतो. एकानं मोबाइल दाखवला अन् म्हणला, रफिकचा जिहाद कवा सुरू होनार? समदे हसले. शिवाप्पा तिथंच होते. हसले न्हाईत, पर बोलले बी न्हाईत. तवापासनं आलेच न्हाईत. त्यांनी चाखल्याबिगर म्या माल देत न्हाय, अन् उद्या लग्नाची ऑर्डर हाय."

तो शब्द ऐकून मी चपापले, खोटं कशाला सांगू? पण त्याचा अर्थ विचारल्याशिवाय राहवेना.

"त्याचा अर्थ जीव तोडून खटपट करनं, अल्लाच्या वाटेवर," चाचा म्हणाले. "त्यात लढाई बी येती, लपवायचं कशाला? पर तिला कायदे हायेत. बाया, लेकरं, म्हातारी मानसं, यांच्यावर हात टाकायचा न्हाय. कुनीबी उठावं अन् पुकारावं, तसं न्हाय ते. काहींनी निरपराध मानसं मारली अन् त्यालाच हे नाव दिलं. त्यांनी आमचं लई वाटोळं केलं. माझ्या मदरशातल्या वस्तादांनी शिकवलं, आपल्या नफ्सशी (मनाच्या ओढीशी) झगडनं हाच मोठा जिहाद. समदे आलिम (विद्वान) ते मानत न्हाईत. मला पटलं."

"म्हणजे हा रोजा?"

"रोजा सवयीचा झालाय, ताई."

वातावरण हलकं करावं म्हणून मीच चमचाभर खवा तोंडात टाकला आणि "अप्रतिम!" असा निकाल दिला. चाचांनी मान हलवली. "पुन्याच्या मानसाला समदंच अप्रतिम लागतंय."

मग त्यांनी कढई उतरवली, पळसाच्या पानावर थोडा खवा घेतला आणि समोरच्या दुकानाकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. "ही पन्नास पावलं अवघड हायेत," ते म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग गेले.

शिवाप्पा गूळ तोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "म्या तवा बोलाया पायजे होतं, रफिकभाई."

"व्हय, पायजे होतं. लई लागलं मला," चाचा म्हणाले आणि पान पुढे केलं. "आता चाखा."

शिवाप्पांनी बोटभर खवा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, मग उपरण्यानं ते पुसले. "जरासा करपलाय."

"करपनारच! ध्यान कुठं होतं कढईत?"

दोघंही हसले. सूर्य बुडताना शिवाप्पांनी दुकानातलाच खजूर चाचांच्या हातावर ठेवला आणि दुकानाचं दार ओढून घेऊन तेही भट्टीकडे निघाले. लग्नाचा खवा नव्यानं करायचा होता. मला तो करपलेला एक किलो बांधून मिळाला.

परतीच्या गाडीत मी मोबाइल उघडला. निघायच्या दिवशी माझ्या भाच्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर तसाच एक विनोद टाकला होता, तोच शब्द घेऊन. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. मी हसले नव्हते, पण बोललेही नव्हते, आणि त्याला मी आपला समजूतदारपणा समजत होते. आता लाज वाटली. "हे वाईट आहे. मला आवडलेलं नाही," असं लिहिलं आणि पाठवायच्या खुणेवर बोट रोखून मीही बराच वेळ बसले. मग पाठवलं.

कुर्डुवाडीपर्यंत कुणाचं उत्तर आलं नाही. मी पुडी सोडली आणि करपलेला खवा खात बसले. अजूनही मला तो अप्रतिमच लागत होता.