तिच्या हाताले लागलेली धडधड

स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरात कोणाचं पोट दुखलं की लोक आधी माझ्या बायकोकडे येतात, मग दवाखान्यात. बेंबी सरकली, असं म्हणतात आमच्याकडे. उपाशीपोटी उताणं निजवायचं, बोटानं बेंबीजवळची धडधड पाहायची, ती जागेवर नसली तर तेल लावून अंगठ्यानं दाबत दाबत जागेवर आणायची. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळ्या बाया तिच्या हातचा गुण गातात.

प्लांटमधून रिटायर झाल्यावर माझं पोट जड राहू लागलं, कंबर दुखू लागली. तिनं मलेही निजवलं. रोज सकाळी दाबे आणि मी ओरडे, "अवो, कणीक तिंबून राहिली का?"

एका सकाळी तिनं हात काढून घेतला. "हे बेंबीचं नोहे," ती म्हणे. "हाताखाली मोठं काहीतरी उडून राहिलं. मले भेव लागते. चला दवाखान्यात."

मी नाही नाही म्हटलं, पण ऐकते कोण! सोनोग्राफी झाली, मग सीटी. हृदयाकडून खाली पायांकडे रक्त नेणारी मोठी नस पोटात एका जागी फुग्यासारखी फुगली होती. फुटली तर माणूस वाचणं मुश्कील. तरुणपणी ओढलेल्या सिगारेटी, दुसरं काय! डॉक्टर म्हणाले, "और हाँ, पेट किसी से मत दबवाना." झालं! बायको बाजूलेच उभी होती.

घरी आल्यावर तिनं मले हात लावणंच सोडलं. वाढायची, औषध द्यायची, पण ताट ठेवून मागं सरकायची. काही विचारलं तर एकच, "मी दाबलं ना."

मरायचं भेव मलेही होतं, खोटं कशाले बोलू? पण त्याहून मोठी चिंता ही, की मी गेलो तर ही बाई जन्मभर सोताले खुनी समजत राहील.

ऑपरेशन रायपूरले झालं, पण सर्जननं पोट चिरलंच नाही. कमरेखालचा भाग बधिर केला, दोन्ही जांघांतून बारीक नळ्या वर नेल्या आणि फुगलेल्या जागी कापडी अस्तराची जाळीदार नळी आत उघडून बसवली. आता रक्त त्या नळीतून जाणार, फुग्यावर जोर नाही. मी जागाच होतो.

"डॉक्टर साहब, मैं गया तो मेरी वाइफ को बोलना, उसकी गलती नहीं है."

तो खेकसला, "अंकल, चुप लेटो. बाहर जाकर खुद बोलना."

वॉर्डात ती आली तर पायथ्याशीच उभी. मले उठायची मनाई, नाहीतर हात धरून ओढलं असतं. "इकडे ये ना!" मी भडकलो. "तू दाबलं म्हणून नाही झालं हे. तुझ्या हाताले लागलं म्हणून सापडलं. विचार डॉक्टरले!"

राउंडवर आलेला तोच सर्जन थांबला. "आंटी, ज़्यादातर लोगों को फटने तक पता ही नहीं चलता. आपने पकड़ लिया."

मग ती अशी रडली, की सिस्टर धावत आली. मी रडू दिलं. मीही रडलो, लाज कशाची?

थोड्या वेळानं ती माझ्या गादीवर डोकं टेकून, स्टुलावर बसल्या बसल्याच घोरू लागली. कितीक दिवसांची झोप होती ती. सिस्टर तिले उठवायले आली, तर मी हात जोडले.